उड्डाणापूर्वीची बेरीज

विमान अपघाताची बातमी वाचली की आपल्या डोळ्यांपुढे वादळ, धुके, पेटलेले इंजिन आणि सुकाणूशी झगडणारा वैमानिक उभा राहतो. पण पुष्कळ अपघातांची सुरुवात आकाशात झालेलीच नसते. ती झालेली असते जमिनीवर, एखाद्या टेबलाशी. कोणीतरी एका आकड्याला चुकीच्या आकड्याने गुणलेले असते, एखादा अंक चुकीचा उतरवून घेतलेला असतो, किंवा टाकीत भलतेच इंधन ओतलेले असते. विमान जमिनीवर उभे असेपर्यंत ही चूक मुकाट असते. ते उडाले की मात्र ती बोलू लागते. अशा चुका कशा होतात, त्यांच्यामागे कोणते पदार्थविज्ञान आहे आणि त्या पकडायच्या कशा, हे या लेखात पाहू.

नालासोपारा, १९६८

विरारहून चर्चगेटकडे निघालेली लोकल पहिल्याच थांब्याला नालासोपाऱ्यात पोहोचते. आज तेथे इमारतींची दाटी आहे. पण १९६८ साली हा सारा भाग भातशेती, मिठागरे आणि वाड्यांचा होता. त्या वर्षी २८ मे रोजी सांताक्रूझ विमानतळावरून कराचीकडे निघालेले इंडोनेशियाच्या गरुडा कंपनीचे कॉन्व्हेअर ९९० जातीचे जेट विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच नालासोपाऱ्याजवळ कोसळले. विमानातील सर्व २९ माणसे मृत्युमुखी पडली. जमिनीवरील एकाचाही बळी गेला.

या अपघाताच्या उपलब्ध नोंदींमध्ये जे कारण दिलेले आढळते ते विचार करायला लावणारे आहे. या विमानात केरोसीन भरायचे होते. त्याऐवजी विमानाचे पेट्रोल भरले गेले आणि चारही इंजिने बंद पडली, असे त्या नोंदी सांगतात.

पेट्रोल काय आणि केरोसीन काय, दोन्ही खनिज तेलातूनच निघतात आणि दोन्ही जळतात. मग एवढा फरक कसा पडतो? पहिला फरक बाष्पनशीलतेचा. पेट्रोल उघड्या बशीत ठेवले तर पाहता पाहता उडून जाते. केरोसीन बराच वेळ राहते. विमान वर चढते तसा बाहेरचा हवेचा दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की द्रवाचा उत्कलनबिंदू खाली येतो. मे महिन्याच्या उष्म्यात तापलेले पेट्रोल अशा वेळी नळ्यांतच उकळू लागण्याचा धोका असतो. नळीत वाफेचा बुडबुडा अडकला की पंपाला द्रव मिळत नाही आणि इंजिनाचा घास तुटतो. दुसरा फरक घनतेचा. एक लीटर केरोसीन सुमारे ८०० ग्रॅम भरते, तर एक लीटर विमानाचे पेट्रोल सुमारे ७२० ग्रॅम. म्हणजे टाकी तेवढीच भरली तरी आतला ऐवज कमी. घनतेचा हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे त्याच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

डिस्पॅचर म्हणजे कोण?

विमान सोडणे म्हणजे केवळ दार लावून इंजिन सुरू करणे नव्हे. प्रत्येक उड्डाणापूर्वी काही प्रश्नांची उत्तरे काढावी लागतात. कोणत्या मार्गाने जायचे? वाटेत वारा कोठून आणि किती वेगाने वाहतो आहे? मुक्कामाच्या विमानतळावर हवामान कसे असेल? तेथे उतरता आले नाही तर कोठे जायचे? या सगळ्यासाठी इंधन किती लागेल? प्रवासी, सामान आणि इंधन मिळून वजन किती होईल, आणि आजच्या तापमानात ही धावपट्टी त्या वजनाला पुरेल का?

ही उत्तरे काढून उड्डाणाचा आराखडा तयार करणाऱ्या व्यक्तीला फ्लाइट डिस्पॅचर म्हणतात. त्याला उड्डाणाचा नियोजक म्हणता येईल. भारतात या कामासाठी ठरावीक प्रशिक्षण घ्यावे लागते आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता लागते. अमेरिकेत तर मोठ्या विमान कंपन्यांच्या उड्डाणाची जबाबदारी वैमानिक आणि डिस्पॅचर या दोघांवर मिळून असते. दोघांपैकी एकालाही उड्डाण सुरक्षित वाटले नाही तर विमान सुटत नाही.

डिस्पॅचरच्या जोडीला सामान चढवणारे, इंधन भरणारे, भाराचे पत्रक म्हणजे लोडशीट बनवणारे आणि यंत्रे तपासणारे असे अनेक हात असतात. प्रवाशाला यांपैकी बहुतेक जण दिसतही नाहीत. पण प्रत्येक जण पुढच्याच्या हाती एक आकडा देत असतो, आणि पुढचा त्या आकड्यावर विश्वास ठेवून आपले काम करीत असतो.

लीटर, किलोग्रॅम आणि पौंड

घरात खाद्यतेलाची पिशवी असेल तर तिच्यावरचा मजकूर वाचा. पुष्कळ पिशव्यांवर एक लीटर आणि त्याखाली ९१० ग्रॅम असे दोन्ही आकडे असतात. तेलाची घनता दर लीटरला ०.९१ किलोग्रॅम आहे, एवढाच त्याचा अर्थ. वाण्याच्या दुकानात लीटर आणि किलो यांत गोंधळ झाला तर थोडे पैसे इकडचे तिकडे होतील. विमानात झाला तर काय होते, ते २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात दिसले.

विमानाचे इंधन टँकरमधून लीटरमध्ये मोजून येते, पण उड्डाणाचा हिशेब मात्र वजनात करतात. याला कारण आहे. इंधन तापले की त्याचे आकारमान वाढते, पण वस्तुमान तेवढेच राहते. आणि जळून मिळणारी ऊर्जा वस्तुमानावर अवलंबून असते. म्हणून लीटरचे किलोग्रॅम करण्यासाठी घनतेने गुणावे लागते.

एअर कॅनडाचे बोइंग ७६७ विमान त्या दिवशी माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला जायचे होते. इंधन दाखवणारी यंत्रणा बिघडली होती. म्हणून टाकीत किती इंधन आहे ते मोजपट्टीने पाहिले. ते ७,६८२ लीटर भरले. प्रवासासाठी लागणार होते २२,३०० किलोग्रॅम. आणखी किती लीटर भरायचे?

योग्य हिशेब असा व्हायला हवा होता. त्या इंधनाची घनता दर लीटरला ०.८०३ किलोग्रॅम होती.

टाकीतील इंधन: ७,६८२ × ०.८०३ = सुमारे ६,१६९ किलोग्रॅम
हवे असलेले जादा इंधन: २२,३०० − ६,१६९ = १६,१३१ किलोग्रॅम
भरायचे लीटर: १६,१३१ ÷ ०.८०३ = सुमारे २०,०८८ लीटर

प्रत्यक्षात हिशेब करणाऱ्यांनी ०.८०३ ऐवजी १.७७ हा आकडा वापरला. हा आकडा खोटा नव्हता. एक लीटर इंधनाचे वजन १.७७ पौंड असते. कंपनीची आधीची सगळी विमाने पौंडात हिशेब करीत आणि इंधनाच्या कागदावर हाच आकडा छापून येत असे. बोइंग ७६७ हे मात्र कंपनीचे किलोग्रॅममध्ये चालणारे पहिले विमान. आता त्यांचा हिशेब पहा.

टाकीतील इंधन: ७,६८२ × १.७७ = सुमारे १३,५९७
हवे असलेले जादा इंधन: २२,३०० − १३,५९७ = ८,७०३
भरायचे लीटर: ८,७०३ ÷ १.७७ = सुमारे ४,९१७ लीटर

वीस हजार लीटरच्या जागी पाच हजारसुद्धा नाही! टाकीत एकंदर सुमारे १२,६०० लीटर, म्हणजे जेमतेम १०,१०० किलोग्रॅम इंधन घेऊन विमान निघाले. गरजेच्या निम्म्याहूनही कमी. ओटावाला पुन्हा मोजपट्टी बुडवून खात्री करून घेतली गेली. पण गुणायला पुन्हा तोच १.७७ घेतला आणि उत्तर पुन्हा ‘बरोबर’ आले.

वाटेत, उंच आकाशातच, दोन्ही इंजिने एकापाठोपाठ बंद पडली. सुदैवाने कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना बिनइंजिनाचे ग्लायडर चालवण्याचा चांगला सराव होता. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांना गिम्ली येथील हवाई दलाचा जुना तळ ठाऊक होता. तेथील धावपट्टीवर त्या दिवशी मोटारींच्या शर्यती भरल्या होत्या. त्याच पट्टीवर हे अवाढव्य विमान घरंगळत येऊन थांबले. विमानातील ६९ जणांपैकी एकाचाही प्राण गेला नाही. हे विमान पुढे ‘गिम्ली ग्लायडर’ या नावाने प्रसिद्ध झाले.

वर्गात मापनाचा पहिला पाठ शिकवताना विद्यार्थी हमखास विचारतात, ‘सर, उत्तर बरोबर असताना एकक लिहिले नाही म्हणून अर्धा गुण का कापता?’ वरच्या हिशेबात गुणाकार, वजाबाकी, भागाकार सारे अचूक आहे. लिहिलेले नाही ते फक्त एकक. १.७७ च्या पुढे ‘पौंड प्रतिलीटर’ एवढे लिहिले असते, तर किलोग्रॅममधून पौंड वजा करायला कोणाचा हात धजला असता?

एका अंकाची चूक

आता वजनाकडे वळू. विमानाला वर उचलणारे बल, म्हणजे उत्थापक बल, हवेची घनता, पंखांचे क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांच्या प्रमाणात असते. जमीन सोडायच्या क्षणी हे बल विमानाच्या वजनाइतके झाले पाहिजे. म्हणून इतर गोष्टी त्याच असतील तर जमीन सोडण्याचा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वजन चौपट झाले तर वेग दुप्पट हवा.

२० मार्च २००९ रोजी एमिरेट्स कंपनीचे एअरबस ए३४० जातीचे विमान २७५ माणसे घेऊन ऑस्ट्रेलियातील मेलबर्नहून दुबईला निघाले. त्याचे उड्डाणाच्या वेळचे वजन ३६२.९ टन होते. उड्डाणाचा वेग काढण्यासाठी ते संगणकात भरताना २६२.९ असे भरले गेले. एका कळीची चूक, पण फरक शंभर टनांचा!

संगणकाने आपले काम चोख केले. २६२.९ टनांच्या विमानाला जो वेग हवा आणि इंजिनांचा जेवढा जोर पुरेल, तेवढा त्याने सांगितला. ढोबळ हिशेब करू. २६२.९ ला ३६२.९ ने भागले तर ०.७२४ येतात. त्याचे वर्गमूळ सुमारे ०.८५. म्हणजे खऱ्या गरजेपेक्षा वेग सुमारे १५ टक्के कमी निघाला, आणि त्या वेगाला मिळणारे उत्थापक बल वजनाच्या ७२ टक्केच भरते. वैमानिकांनी ठरलेल्या वेगाला नाक उचलले, पण विमान उठेना. शेपूट धावपट्टीवर घासले. पट्टी संपता संपता वैमानिकांनी इंजिनांना पूर्ण जोर दिला आणि विमान पट्टीच्या पलीकडे जाऊन कसेबसे हवेत चढले. नंतर ते परत येऊन सुखरूप उतरले.

संगणक चुकला असे येथे म्हणता येत नाही. २६२.९ हा आकडा त्या जातीच्या विमानाला अशक्य नव्हता. हलक्या भाराने ते एवढ्या वजनालाही उडते. म्हणून पाहणाऱ्याच्या नजरेला तो खटकला नाही. अवास्तव चूक लगेच दिसते; धोका असतो तो वास्तव वाटणाऱ्या चुकीचा.

वैशाखातली दुपार

आता आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण घेऊ. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) मुंबईला यायला निघाले. विमानात ११८ माणसे होती. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडला जाणारा रस्ता जात होता आणि त्यावरून कापसाच्या गासड्या भरलेला एक ट्रक चालला होता. उशिरा उचललेल्या विमानाची धडक त्या ट्रकला बसली. ५५ जण दगावले. चौकशीत दोन कारणे पुढे आली. वैमानिकांनी विमानाचे नाक उचलायला उशीर केला आणि ते चुकीच्या पद्धतीने उचलले, हे पहिले. विमानांच्या वेळात त्या रस्त्यावरची वाहतूक रोखण्याची व्यवस्था विमानतळाच्या यंत्रणेने ठेवली नव्हती, हे दुसरे.

येथे डिस्पॅचरचा दोष सांगितलेला नाही. पण अशा ठिकाणी आणि अशा वेळी उड्डाणाचा हिशेब किती काटेकोर ठेवावा लागतो, हे समजून घेण्यासारखे आहे. हा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ९३ टक्के असतो. आता समजा, मराठवाड्यातल्या उन्हाळ्याला शोभेल असे तापमान ४० अंश सेल्सिअस आहे. प्रमाण तापमान १५ अंश धरतात. निरपेक्ष मापनात हे अनुक्रमे ३१३ आणि २८८. दाब तोच असेल तर वायूची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे तुम्ही शिकला आहात. म्हणून

घनतेचे गुणोत्तर = ०.९३ × (२८८ ÷ ३१३) = सुमारे ०.८६

हवा १४ टक्के विरळ! तेवढेच उत्थापक बल मिळवायला वेगाचा वर्ग १६ टक्क्यांनी, म्हणजे वेग सुमारे ८ टक्क्यांनी वाढवावा लागेल. धावण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तेही किमान १६ टक्क्यांनी वाढले. शिवाय विरळ हवेत इंजिनांचा जोरही घटतो, त्यामुळे अंतर आणखी वाढते.

यातली एक गंमत पहा. विमानातील वेगमापक प्रत्यक्षात हवेचा दाब मोजतो आणि हा दाबसुद्धा घनता गुणिले वेगाचा वर्ग याच प्रमाणात असतो. त्यामुळे नाक उचलण्याच्या क्षणी काटा मुंबईत जो आकडा दाखवील, तोच येथेही दाखवील. जमिनीवरचा खरा वेग जास्त आहे, पट्टी भराभर संपते आहे, हे तो काटा सांगत नाही. ते आधीच, टेबलावर, तापमान आणि उंची घालून काढावे लागते. म्हणूनच कडक उन्हाळ्यात कधी कधी जागा रिकाम्या असूनही कमी प्रवासी किंवा कमी सामान घेऊन विमान सोडतात. प्रवाशांना ते अन्यायाचे वाटते. पण त्यामागे हा गुणाकार असतो.

वजन किती आणि ते कोठे?

फुटपट्टी पेन्सिलीवर आडवी तोलून धरा आणि एका टोकाला खोडरबर ठेवा. खोडरबराचे वजन नगण्य, पण पट्टी कलंडते. बल आणि अंतर यांचा गुणाकार तोल ठरवतो.

समजा ६०,००० किलोग्रॅमच्या विमानात १,००० किलोग्रॅम सामान पुढच्या कप्प्यात ठेवायचे ठरले होते आणि ते १५ मीटर मागच्या कप्प्यात गेले. एकूण वजनात तसूभर फरक नाही. पण गुरुत्वमध्य किती सरकला?

(१,००० × १५) ÷ ६०,००० = ०.२५ मीटर

पाव मीटर! अशा आकाराच्या विमानात गुरुत्वमध्याला पुढेमागे सरकायला साधारण एका मीटरच्या आसपास मुभा असते. एका हमालखेपेत त्यातला चौथा भाग संपला. गुरुत्वमध्य फार मागे गेला तर नाक आपोआप वर उठू लागते. ७ ऑगस्ट १९९७ रोजी अमेरिकेत मायामी येथे एक मालवाहू डीसी-८ विमान असेच माल मागे भारी झाल्यामुळे उड्डाणाबरोबर नाक वर करून कोसळले. म्हणून लोडशीटवर ‘किती’ या रकान्याइतकाच ‘कोठे’ हा रकाना महत्त्वाचा असतो.

राखीव इंधन

मुक्कामापुरतेच इंधन घेऊन विमान सोडत नाहीत. प्रवासाचे इंधन, वाऱ्यावादळासाठी थोडी वाढ, दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचे इंधन आणि सर्वांच्या शेवटी अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढा अखेरचा साठा, अशी ही बेरीज असते. मग टाक्या काठोकाठ का भरत नाहीत? कारण इंधन वाहून न्यायलाही इंधन जळते. जादा घेतलेल्या इंधनाचा साधारण तीन-चार टक्के भाग दर तासाला ते वाहण्यातच खर्च होतो. शिवाय वजन वाढले की वर पाहिलेले सारे प्रश्न येतात.

१५ जुलै २०१९ रोजी मुंबईहून दिल्लीला गेलेले विस्तारा कंपनीचे एअरबस विमान खराब हवामानामुळे दिल्लीत उतरू शकले नाही. ते लखनौकडे वळवले, तर तेथेही दृश्यता एकाएकी घसरली. अखेर ते लखनौलाच सुखरूप उतरले, पण तेव्हा टाकीत अगदी थोड्या मिनिटांचे इंधन उरले होते. पावसाळ्यात दोन विमानतळांचे हवामान एकाच वेळी बिघडू शकते. म्हणून पर्यायी विमानतळ निवडताना तो किती जवळ आहे एवढेच न पाहता, मुख्य ठिकाणच्या संकटात तोही सापडेल का, हेही पाहावे लागते.

चूक कशी होते?

मानवी चुकांचा अभ्यास करणारे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी चुकांचे प्रकार पाडले आहेत. आपल्या भाषेत सांगायचे तर हात चुकणे, विसरणे आणि समज चुकणे. तीन दाबायचे असताना दोन दाबले, हा हात चुकला. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात केबिनमधील हवेचा दाब राखणारे बटण सुरू करायचे राहिले, आणि उंचीवर अनेक प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आले; हे विसरणे. आणि १.७७ हाच योग्य आकडा आहे असे खरोखर वाटणे, ही समज चुकली. पहिल्या दोन चुका करणाऱ्याला कधी ना कधी स्वतःलाच दिसतात. तिसरी दिसत नाही, कारण तो पुन्हा तपासतो तेव्हाही त्याच समजुतीने तपासतो.

रीझन यांनी आणखी एक चित्र सुचवले आहे. ते आपण चाळण्यांच्या रूपात पाहू. एकाखाली एक अशा चार चाळण्या धरा. प्रत्येकीला भोके आहेत. पण एकीतून निसटलेला खडा दुसरीत अडकतो. चारही चाळण्यांची भोके एका रेषेत आली तरच खडा खाली पडतो. प्रत्येक तपासणी ही अशी एक चाळणी आहे.

गणिताने पाहू. समजा एक माणूस शंभरात एकदा चुकतो आणि तपासणाऱ्याच्या नजरेतूनही शंभरात एकच चूक निसटते. मग चूक शेवटपर्यंत जाण्याची शक्यता १/१०० × १/१००, म्हणजे दहा हजारांत एक. तिसरा तपासनीस आला तर दहा लाखांत एक. किती सोपे! पण संभाव्यतेचा हा गुणाकार एकाच अटीवर चालतो. त्या घटना परस्परांपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. गिम्लीच्या विमानाचा हिशेब एकाहून अधिक जणांनी, एकाहून अधिक वेळा पाहिला. पण सर्वांनी गुणायला तोच १.७७ घेतला. चाळण्या अनेक होत्या, पण सगळ्यांचे भोक एकाच जागी होते. म्हणजे खरे पाहता चाळणी एकच होती.

‘दोघांनी तपासले आहे’ हे वाक्य ऐकले की म्हणूनच विचारावे: दोघांनी वेगवेगळे तपासले, की दुसऱ्याने पहिल्याच्या उत्तरावर बरोबरची खूण केली?

उपाय कोणते?

पहिला उपाय तपासयादीचा. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचे एक नवे बॉम्बफेकी विमान चाचणीत कोसळले. शेपटीचे पंख जमिनीवर असताना जखडून ठेवणारी कुलूपकळ काढायची राहून गेली होती. वैमानिक नवशिका नव्हता. तेव्हापासून ‘लक्षात ठेवा’ असे सांगण्याऐवजी यादी हातात देण्याची पद्धत रुळली.

दुसरा उपाय, चूक करताच येणार नाही अशी रचना. पेट्रोलवर चालणाऱ्या लहान विमानांच्या टाकीचे तोंड अरुंद ठेवतात आणि जेट इंधनाच्या नळीचे तोंड रुंद व चपटे करतात, म्हणजे ती नळी त्या टाकीत शिरतच नाही. शिवाय विमानाच्या पेट्रोलमध्ये रंग मिसळतात आणि दोन्ही इंधनांच्या नळ्यांवर निरनिराळ्या रंगांच्या खुणा करतात.

तिसरा उपाय, परत म्हणून दाखवणे. नियंत्रकाने सांगितलेला आकडा वैमानिक उलट उच्चारतो. आपल्या लोकलमध्येही गार्ड (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) आणि मोटरमन यांच्यात घंटेची देवाणघेवाण होते, ती याच तत्त्वावर.

चौथा उपाय ढोबळ अंदाजाचा. अचूक उत्तर काढण्यापूर्वी ‘साधारण किती यावे’ हे मनाशी ठरवायचे. काल याच मार्गावर वीस हजार लीटर घातले असतील आणि आज पाच हजार निघाले, तर हात थांबला पाहिजे.

पाचवा उपाय सर्वांत अवघड, कारण तो यंत्राचा नसून मनाचा आहे. चूक सांगणाऱ्याला शिक्षा होत असेल तर लोक चुका लपवतात आणि लपलेली चूक दुसऱ्याच्या हातून पुन्हा घडते. अमेरिकेत १९७६ साली नासाच्या देखरेखीखाली अशी योजना सुरू झाली की, विमान व्यवसायातील कोणीही नकळत झालेली चूक कळवावी. त्याचे नाव गुप्त राहील. या पत्रांतून धोक्याच्या जागा अपघात होण्यापूर्वीच कळू लागल्या. निष्काळजीपणाला माफी नाही. पण प्रामाणिक चूक ही सर्वांच्या शिकण्याची सामग्री मानली जाते. शिक्षकांनी हा मुद्दा वर्गात जरूर बोलावा. खाडाखोड झाली म्हणून रागावले तर मुले खोडरबराने चूक पुसून टाकतात. चूक कोठे झाली ते मग त्यांनाही कळत नाही आणि आपल्यालाही.

माणूस चुकणारच. विमान वाहतूक सुरक्षित झाली ती माणसे चुकायची थांबली म्हणून नव्हे, तर एकाची चूक दुसऱ्याने वेळीच पकडावी अशी व्यवस्था तिने केली म्हणून. त्या व्यवस्थेतले पहिले काम तुम्ही आजपासून करू शकता: प्रत्येक आकड्यापुढे त्याचे एकक लिहा.

करून पहा

१. खाद्यतेलाची घनता दर लीटरला ०.९१ किलोग्रॅम आहे. १५ किलोग्रॅमच्या डब्यात किती लीटर तेल असेल?

२. एका विमानाला ९,००० किलोग्रॅम इंधन हवे आहे. टाकीत ३,००० लीटर आहे. घनता दर लीटरला ०.८ किलोग्रॅम. आणखी किती लीटर भरावे? चुकून १.७७ ने गुणले-भागले तर किती भरले जाईल?

३. ८६ टनांच्या विमानाचे वजन चुकून ६८ टन लिहिले गेले. जमीन सोडण्याचा वेग ढोबळमानाने किती टक्के कमी निघेल?

४. वर्गातील प्रयोग: एकाने पाच अंकी वीस संख्या भराभर वाचाव्यात, दुसऱ्याने लिहाव्यात. मग तीन रीतींनी तपासा. लिहिणाऱ्याने स्वतःच पुन्हा पाहणे. दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावरून नजर फिरवणे. आणि तिसऱ्याने मूळ संख्या ऐकून स्वतंत्रपणे लिहून दोन्ही कागद ताडणे. कोणत्या रीतीने जास्त चुका सापडल्या, त्याचा तक्ता करा.

उत्तरे: (१) सुमारे १६.५ लीटर. (२) ८,२५० लीटर; चुकीच्या हिशेबाने सुमारे २,०८५ लीटर. (३) सुमारे ११ टक्के.